मजकूर मोजणारा माणूस

आमच्या माहिती कार्यालयात रोज अठरा वर्तमानपत्रं येतात आणि त्यातलं एकही कोणी वाचत नाही. ती मोजली जातात. मोजणाऱ्या माणसाला पगारपत्रकावर एक नाव आहे, पण त्या नावाने हाक मारली तर तो स्वतःही वळून बघायचा नाही. सगळे त्यांना पट्टीकाका म्हणतात. साहेब तोंडावर ‘अहो’ म्हणतात आणि पाठ वळली की पट्टीकाकाच म्हणतात.

माझं टेबल त्यांच्या समोर आहे. मी टंकलेखक. दोन वर्षं मी या माणसाला रोज सात तास समोरून बघतोय. इतकं तर लोक आपल्या बायकोलाही बघत नसतील. म्हणून त्यांच्याबद्दल चार ओळी लिहायचा हक्क माझाच, असं मी धरून चाललोय.

काम आधी सांगतो, त्याशिवाय माणूस कळणार नाही. लहान वर्तमानपत्रं जगावीत म्हणून सरकार त्यांना स्वतःच्या जाहिराती देतं. पाणी बंद राहण्याची सूचना, नोकरभरती, निविदा, असलं सगळं. चार पानी पेपराचा श्वास त्यावर चालतो. मदत म्हटली की खोटे हातही पुढे येणार, म्हणून एक यादी आहे. यादीत नाव असेल तर जाहिरात, नसेल तर नाही. यादीत राहायचं तर अंक रोज निघाला पाहिजे. सकाळी अकराच्या आत दोन प्रती आमच्या टेबलावर पडल्या पाहिजेत. पानावर छापील भाग अमुक इतका हवा, त्यात जाहिराती निम्म्याच्या वर नकोत, एक तृतीयांश तरी बातम्या स्वतःच्या हव्यात, सात दिवसांपेक्षा जुनी बातमी बातमीत धरायची नाही. वर्षाला तीन खाडे माफ. चौथा खाडा झाला की नाव कटलं, आणि एकदा कटलेलं नाव परत चढलेलं कोणी पाहिलेलं नाही.

हे सगळं बघायला सरकारने पट्टीकाकांना एक स्टीलची पट्टी, एक लाल पेन्सिल आणि एक तक्ता दिलाय. काका कॉलम मोजतात, लांबी मोजतात, गुणाकार करतात, तक्त्यात लिहितात. जाहिरात इतकी. स्वतःची बातमी इतकी. जुना मजकूर इतका. तक्त्याच्या शेवटी ‘शेरा’ नावाचा एक रकाना असतो. तो कायम कोरा.

कोरा का, त्याची एक गोष्ट आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी काका वाचायचे. एका पेपराने सरकारी दवाखान्यातल्या बंद लिफ्टबद्दल लिहिलं होतं. काकांची आई त्याच दवाखान्यात तिसऱ्या मजल्यावर होती आणि काका रोज जिने चढून जात होते. त्यांनी शेऱ्यात लिहिलं, ‘बातमी चांगली आहे. लिफ्ट खरोखरच बंद आहे.’ आठ दिवसांत ज्ञापन आलं: ‘आपले मत मागविण्यात आलेले नाही. यापुढे सदर रकान्यात केवळ मापाबाबत लिहावे.’ त्या दिवसापासून काकांनी वाचणं सोडलं. मी एकदा छेडलं, “काका, असं कसं सोडता येतं? अक्षर डोळ्यांपुढे आलं की वाचलं जातंच की.”

“सवय लागते,” काका म्हणाले. “तू टाइप करतोस ते कुठे वाचतोस?”

ते खरं होतं. आदल्याच दिवशी मी एका बदलीच्या आदेशात साहेबांना सहकुटुंब निलंबित केलं होतं, ते पाठवायच्या आधी काकांनीच मला दाखवलं होतं.

अठरा पेपरांपैकी सतरा प्रती कोणी ना कोणी आणून टाकतं. शिपाई, रिक्षावाला, कधी शाळेच्या वाटेवरची मुलगी. अठरावा पेपर मात्र त्याचे संपादक स्वतः आणायचे. उंच, थोडे वाकलेले, शर्टाच्या खिशात तीन पेनं, त्यातलं चालणारं एक. संपादक, मुद्रक, प्रकाशक, मालक, सगळं तेच. घरात मुलगी होती, ती जुळणी करायची, मशीन चालवायची आणि वडिलांशी भांडायची. तीनशे प्रती निघायच्या. पहिल्या दोन प्रती कार्यालयात द्यायच्या, पोच घ्यायची आणि मगच बाकीचा गठ्ठा वाटायला सोडायचा, ही संपादकांची शिस्त. बाकीचे पेपरवाले याला वेड म्हणायचे. संपादक म्हणायचे, “जो माणूस माझा प्रत्येक अंक हातात धरतो, त्याच्या हातात आधी नको द्यायला?”

मग ते काकांच्या टेबलाच्या कडेला हात टेकून उभे राहायचे.

“काय, किती भरलो आज?”

“छप्पन टक्के.”

“आणि वाचलात किती?”

“मोजला.”

“एकोणीस वर्षं झाली हो! एखादं वाक्य तरी चुकून वाचलं गेलं असेल.”

“नाही.”

“साहेब, याला बढती द्या,” असं संपादक साहेबांच्या बंद दाराकडे बघून म्हणायचे आणि निघून जायचे. रोज हेच. शब्दांत फरक झालाच तर टक्क्यांचा.

दोन वर्षांपूर्वी, मी नुकताच लागलो होतो तेव्हा, काकू गेल्या. काका तिसऱ्या दिवशी कामावर हजर. शर्टाला इस्त्री, पट्टी पुसलेली. आम्ही सगळ्यांनी चेहरे पाडून ठेवले होते, पण ते पाडलेले चेहरे कुठे ठेवायचे ते कळेना, कारण काकांचा चेहरा नेहमीसारखाच होता. विचारलं की म्हणायचे, “चाललंय.” घर दोन खोल्यांचं, त्यातली एक त्यांनी बंद करून टाकली. मुलगा दूर असतो, रविवारी फोन करतो. काका मला एकदा सांगत होते की ते गॅसवर पाणी ठेवतात आणि ते आटून जातं, मग पुन्हा ठेवतात, तेही आटतं, आणि मग चहाची वेळ टळून गेलेली असते. हे त्यांनी हवामानाचा अंदाज सांगावा तसं सांगितलं.

त्याच आठवड्यात संपादकांनी, कोणाला न विचारता, काकूंवर चार ओळी छापल्या. प्रत टेबलावर ठेवली आणि त्या दिवशी टक्क्यांचं काही विचारलं नाही. काकांनी नेहमीप्रमाणे पट्टी लावली. दोन कॉलम, सहा सेंटिमीटर. स्वतःची बातमी.

“वाचा तरी,” संपादक म्हणाले.

“घरी वाचतो.”

पण आलेला अंक ही कार्यालयाची मालमत्ता. तो घरी नेता येत नाही, आणि ते संपादकांना जितकं माहीत होतं तितकंच काकांनाही.

आता मुख्य गोष्ट. यंदा संपादकांचे तिन्ही खाडे संपले होते. दोन मशीन बिघडलं म्हणून, एक ते स्वतः बिघडले म्हणून. दवाखान्यातून परत आल्यावर ते लिफ्टने येऊ लागले, आणि आमची लिफ्ट चालते याचं जाहीर कौतुक करू लागले. मग एका बुधवारी ते आले नाहीत. पावणेअकराला त्यांची मुलगी आली. पस्तिशीची असेल. बोटांना शाई, केस कसेतरी बांधलेले. तिने दोन प्रती टेबलावर ठेवल्या आणि उभी राहिली.

काकांनी पट्टी उचलली, पहिल्या पानावर आडवी लावली, आणि थांबले. मीही मान उंच केली. पहिल्या पानावर वरच संपादकांचा फोटो होता. तिन्ही पेनांसकट. खाली मोठ्या अक्षरात त्यांच्या निधनाची बातमी.

“काल गेले,” ती म्हणाली. “दुपारी. सगळं उरकून संध्याकाळी मशीन सुरू केलं. खाडा नको म्हणून.” आवाज अगदी सपाट होता, जणू कागद संपल्याचं सांगत होती.

काकांनी पान उलटलं. दुसरं, तिसरं, चौथं. चौथ्या पानाच्या तळाला बारीक अक्षरात एक ओळ असते, प्रत्येक पेपरात असते: संपादक, मुद्रक व प्रकाशक अमुक अमुक. काकांनी त्या ओळीखाली पट्टी धरली.

“इथे बाबांचंच नाव आहे.”

“मग कोणाचं असणार?”

“ते नाहीत ना आता.”

ती बघत राहिली. मग तिला कळलं, आणि मलाही. नियम असा की ज्याचं नाव छापायचं त्याने आधी घोषणापत्र करून द्यायचं. तो माणूस गेला की घोषणापत्रही गेलं. त्याच्या नावाने छापलेला अंक हा अंकच नाही, तो खाडा. नवं घोषणापत्र समोरच्या इमारतीतल्या कार्यालयात करावं लागतं आणि त्याला दोन आठवडे लागतात. तोवर बाबांचं नाव टाकलं तर खाडा, तिचं टाकलं तर खाडा, अंक नाही काढला तर खाडा. नियम करणाऱ्यांनी संपादक मरू शकतो एवढं धरलं होतं. तो तीन दिवसांपेक्षा जास्त मेलेला राहील हे त्यांच्या हिशोबात नव्हतं.

पहिल्या पानावर संपादक गेल्याची बातमी आणि चौथ्या पानावर तेच संपादक हजर. असा घोटाळा फक्त पेपरवाल्याच्याच घरात होऊ शकतो. बाकीच्या घरात माणूस गेला की गेला, त्याच्या खाली त्याचं नाव छापावं लागत नाही.

“बाकीच्या प्रती वाटल्यास का?” काकांनी विचारलं.

“नाही. पहिल्या इथे देऊन मग...”

“हो.”

काका थोडा वेळ पट्टीच्या कडेवरून अंगठा फिरवत बसले. शिपाई पाणी भरायला गेला होता. साहेबांचं दार बंद होतं. मी टाइप करत असल्याचं दाखवत होतो.

“ही बातमी काढ,” काका म्हणाले.

“कुठली?”

“पहिल्या पानावरची. काढ, दुसरं काहीतरी टाक, परत छापून आण. नाव तसंच राहू दे. नवं घोषणापत्र आजच दे तिकडे. ते मंजूर होईपर्यंत पेपरात काही यायला नको.”

“काका, सगळ्या वस्तीला माहीत आहे बाबा गेलेले.”

“कार्यालयाला माहीत नाही. कार्यालयाला कळणं म्हणजे कागदावर कळणं.”

“म्हणजे बाबांच्याच पेपरात...” ती पुढे बोलली नाही. रडलीही नाही. मला वाटलं आता रडेल आणि मग मी काय करायचं, पाणी द्यायचं की बाहेर जायचं, याची मी तयारीही केली होती. ती फोटोकडे बघून म्हणाली, “पेपर गेला तर मशीन विकावं लागेल. ते तिथेच बसायचे, मशीनपाशी.”

“दोन्ही प्रती घेऊन जा.”

“अकरा वाजत आलेत.”

“जा तू.”

ती गेली आणि बारा वाजायला वीस मिनिटं असताना परत आली. पहिल्या पानावर फोटोच्या जागी पाण्याच्या टाक्या धुण्याबद्दल लांबलचक मजकूर होता. घाईत छापलेला, एका बाजूला शाई पसरलेली. काकांनी पोचेचा शिक्का घेतला. त्याला वेळेचं एक छोटं दातेरी चाक असतं. काकांनी अंगठ्याच्या नखाने ते मागे सरकवलं, दहा पन्नासवर आणलं आणि शिक्का मारला. दोन वर्षांत मागे फिरवलेलं चाक मी पहिल्यांदा पाहिलं. काकांचा हात मात्र असा चालला जणू ते रोज तेच करतात. मग त्यांनी टाक्या मोजल्या. तीन कॉलम, चौदा सेंटिमीटर.

तो अंक धरून सोळा अंक असे निघाले. ती रोज यायची, प्रती ठेवायची, पोच घ्यायची. घरी भेटायला येणारे विचारायचे, “अहो, पेपरात काहीच कसं नाही?” ती म्हणायची, “येईल.” एक म्हातारे गृहस्थ तर म्हणे रागावून निघून गेले, ज्या माणसाने आयुष्यभर परक्यांच्या मरणाच्या बातम्या छापल्या त्याला घरच्यांनी दोन ओळी देऊ नयेत? तिने ते आम्हाला सांगितलं तेव्हा काका गुणाकार करत होते. त्यांनी गुणाकार पुरा केला आणि म्हणाले, “बावन्न.”

संपादकीय तीच लिहायची, वडिलांच्या धाटणीत. आणि धाटणी इतकी जमली की गोत्यात आणायला निघाली. नवव्या दिवशी तिने साहेबांच्या बंगल्यासमोरच्या खड्ड्यांवर लिहिलं. साहेब पेपर वाचत नाहीत, पण स्वतःच्या खड्ड्याचा उल्लेख असला तर त्यांना तो कसा कोण जाणे कळतो. दार उघडून ते बाहेर आले, हातात अंक.

“अहो, हे संपादक कोण? चांगलं लिहितात. एकदा चहाला बोलवा त्यांना.”

माझी बोटं बटणांवरच राहिली. काकांनी वर न बघता सांगितलं, “ते आता कुठे येत-जात नाहीत, साहेब.”

“का? तब्येत?”

“तब्येतीचा प्रश्न राहिला नाही आता.”

“बरं आहे मग,” साहेब म्हणाले. “नमस्कार कळवा.”

दार लागलं. मला हसू आवरेना, म्हणून मी ड्रॉवरमध्ये डोकं घातलं. डोकं वर काढलं तेव्हा काका पुढचा अंक पट्टीखाली घेत होते. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, भीतीही नव्हती. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते, आणि हे उघडकीला आलं असतं तर त्या मागे फिरवलेल्या चाकापायी त्यांचं सगळंच अडकलं असतं. मी ते त्यांना म्हणालोही. “हं,” ते म्हणाले. तेवढंच.

संपादक गेल्याच्या सतराव्या दिवशी, एका गुरुवारी, मंजुरी आली. समोरच्या इमारतीतून आमच्याकडे त्याची प्रत यायला हवी, पण मधला रस्ता वीस पावलांचा असला तरी कागदाला तो ओलांडायला वर्ष लागतं. आमच्याकडे आली ती तिच्याच हाताने. काकांनी तिचं नाव नोंदवहीत चढवलं. जुनं नाव खोडलं. खोडायची रेघही पट्टी लावून मारली.

“आता टाकू ना बाबांचं?” तिने विचारलं.

“टाक. तारीख नको टाकूस.”

“म्हणजे?”

“कधी गेले ते नको. तारीख छापलीस तर कोणीही बोटं मोजेल. सोळा अंक खाड्यात जातील. ‘नुकतेच निधन झाले’ लिही.”

पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. “बाबा माझं ‘नुकतेच’ कापायचे, काका. मी दहावीत होते तेव्हापासून कापत आलेत. म्हणायचे, ज्याला तारीख विचारायचा कंटाळा आलाय तो ‘नुकतेच’ लिहितो. आणि आता त्यांच्याच बातमीत?”

“पेपर हवाय ना?”

“हवाय.”

“मग.”

ती गेली. मला वाटलं, ऐकणार. सोळा दिवस ऐकत होती ती. काकांनाही तसंच वाटलं असावं.

शुक्रवारचा अंक आला. पहिल्या पानावर तोच फोटो. खाली बातमी. चौथ्या पानाच्या तळाला तिचं नाव. ती थांबली नाही. पोच घेतली आणि जिन्याने उतरली, लिफ्टची वाटही बघितली नाही. मी खुर्ची सरकवून वाचलं. तारीख होती. वारासकट होती. ‘मंगळवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी.’ इतकं बारीक तर कोणी मुहूर्तही छापत नाही.

“काका,” मी म्हणालो.

काकांनी पट्टी लावलेली होती, पण पेन्सिल हलत नव्हती. मी बघत राहिलो. त्यांचे डोळे पट्टीच्या कडेवर नव्हते. ते ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे आणि खालच्या ओळीच्या सुरुवातीला परत यायचे. शाळेत मास्तरांनी उभं करून वाचायला लावलेला मुलगा जसा ओठ हलवतो तसे त्यांचे ओठ जरासे हलत होते. तीन कॉलम, चौदा सेंटिमीटर. त्याला एरवी त्यांना अर्धं मिनिट पुरतं. त्या दिवशी किती वेळ गेला ते मी घड्याळात बघितलं नाही. बघायला हवं होतं.

मग त्यांनी तक्ता ओढला. बातमी सात दिवसांपेक्षा जुनी होती, म्हणून ती ‘स्वतःची बातमी’त बसेना. त्यांनी ‘जुना मजकूर’मध्ये बेचाळीस लिहिलं. बाकीची बेरीज करून पाहिली. तृतीयांशाच्या थोडं वर जात होती. शेरा कोरा सोडला. तक्ता साहेबांकडे गेला, सही होऊन आला, फायलीत लागला. अंक कपाटात गेला. झालं.

ती रोज येत राहिली. पण आता ती उभी राहायची तेव्हा टेबलाकडे न बघता काकांच्या डाव्या हाताच्या ट्रेकडे बघायची. त्या ट्रेमध्ये पेपरवाल्यांच्या नोटिसा असतात. आठवडा गेला, दुसरा गेला. महिनाअखेरीला नव्या वर्षाची यादी लागली. अकराव्या क्रमांकावर तिचा पेपर, पुढे तिचं नाव. मी तिला म्हणालो, “अभिनंदन. आता वर्षाची चिंता नाही.” तिने यादी वाचली, दोनदा वाचली आणि सरळ काकांसमोर येऊन उभी राहिली.

“काका, नोटीस नाही आली.”

“कसली?”

“तारीख घातली होती मी.”

काकांनी पट्टी खाली ठेवली.

“मी मनाची तयारी केली होती,” ती म्हणाली. “मशीनला गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. म्हटलं, बाबांचं एकदा नीट छापायचं, मग जे व्हायचं ते होवो. आणि झालं काहीच नाही.”

“चांगलंच आहे की,” मी मध्ये तोंड घातलं.

“चांगलं कसं? म्हणजे कोणी वाचलंच नाही.” ती माझ्याशी बोलत नव्हती. “तुमचे साहेब नाही, समोरचे नाहीत. वस्तीतल्यांना आधीच माहीत होतं, त्यांनी फोटो बघून पान उलटलं. एका माणसाने जरी नीट वाचलं असतं तरी माझा पेपर बंद पडला असता. चालू आहे, म्हणजे...” ती थांबली. “तुम्ही तरी वाचलंत का, काका?”

उत्तर मला माहीत होतं, आणि काका ते देऊ शकत नाहीत हेही तिथेच बसल्या बसल्या माझ्या ध्यानात आलं. वाचलं म्हणाले तर तारीख दिसली. तारीख दिसली तर लिहायला हवी होती. लिहिली नाही म्हणजे लपवली. वाचलं नाही म्हणाले तर सगळं सुरळीत. यादी, मशीन, चौदा महिने.

“मी मजकूर वाचत नाही,” काका म्हणाले.

“माहीत आहे,” ती म्हणाली. तिने पोच घडी करून पर्समध्ये टाकली. रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती सोळा दिवस जशी होती तशीच होती. दारापर्यंत गेली आणि वळली.

“बरं झालं तसं,” ती म्हणाली. “घाईत एक चूक राहिली त्यात. बाबांचं वय. एकाहत्तर पडलं.”

“बहात्तर आहे,” काका म्हणाले. पट्टी त्यांनी परत उचललेली होती आणि मान खाली होती. “दुसऱ्या परिच्छेदात. बहात्तरच छापलंय.”

ती दारात उभी राहिली. मी माझ्या कागदाकडे बघत होतो. तिच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही. काकांची पेन्सिल तक्त्यावर टेकलेली होती, आकडा लिहायचा राहिला होता.

मग लिफ्ट आल्याचा आवाज झाला आणि ती गेली.

काकांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत लावला. पट्टीखालचा कागद सरळ केला. पहिलं पान, चार कॉलम, अकरा सेंटिमीटर, नोकरभरतीची सूचना. जाहिरात.